चाळिसावा दिवस, विहिरीचा प्लॉट

ऑक्टोबर लागला की माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरात दोन तारखांना गोल पडतात, एक निळा आणि एक तांबडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, कुणाचे तरी वाढदिवस असतील. ते फारसं चूक नाही. दिंडोरीच्या पुढे शकुताईंची द्राक्षबाग आहे आणि तिचे दोन प्लॉट आहेत, एक विहिरीचा, एक टेकाडाचा. छाटणी झाली की बागेचं वय पहिल्यापासून मोजायचं, अशी द्राक्षवाल्यांची रीत. तारीख, वार, महिना त्यांच्या लेखी नंतर. 'आज कितवा दिवस?' असं एकमेकांना विचारतात आणि उत्तर येतं, 'बत्तिसावा.' तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं, की घड केवढे झाले असतील, कुठलं औषध मारून झालं असेल आणि घरात कोण कोण वैतागलेलं असेल.

मागच्या सोमवारी शकुताईंचा फोन आला. "ताई, विहिरीला कात्री लागली. लिहून घ्या."

मी निळा गोल काढला. तांबडा अजून यायचा आहे. टेकाडाची छाटणी नेहमी पंधरा-अठरा दिवस मागे असते, म्हणजे दोन्हीकडची कामं एकाच वेळी अंगावर येत नाहीत. हे अठरा दिवसांचं अंतर मी आयुष्यात विसरणार नाही. त्याने मला एकदा चांगलंच शिकवलं आहे.

मी मूळची याद्या करणारी बाई. माळ्यावर काय ठेवलंय त्याची यादी माळ्याच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. प्रवासाला जाताना न्यायच्या वस्तूंची यादी आहे आणि परत आणायच्या वस्तूंची वेगळी. सगळ्या याद्या कुठे आहेत याचीही एक यादी आहे. त्यावर यजमानांना जे बोलायचं होतं ते त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत बोलून घेतलं. आता तेही काही सापडेनासं झालं की मुकाट्याने माळ्याचं दार उघडतात.

अशोकस्तंभाजवळ आमचं टायपिंगचं दुकान. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे टाइपरायटरांच्या दोन रांगा होत्या, आणि परीक्षेच्या मोसमात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मग एका कोपऱ्यात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी मी फुलाफुलांचं कव्हर शिवलं, त्याच्यासमोर चपला काढायला लावल्या आणि त्याला हात लावणाऱ्यांची यादी केली. यादीत एकच नाव होतं. आज हसू येतं, पण तो पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो. मराठीत चार ओळी टाइप केल्या, मधली ओळ उचलली आणि खाली नेऊन ठेवली. कागद बदलला नाही, पांढरी शाई लागली नाही, खाडाखोड दिसली नाही. टाइपरायटरवर एक शब्द चुकला की अख्खं पान परत करण्यात माझी उमेद गेली होती. मी ती ओळ पाच वेळा वर आणि पाच वेळा खाली नेली. खुर्चीवर नुसती बसून राहिले. ज्यांना लिहायचं असतं त्यांच्या हातात हे यायला हवं, असं तेव्हा वाटलं. मला स्वतःला लिहायचं नव्हतं. मला नीट ठेवायचं होतं.

ज्यांना लिहायचं होतं त्या शकुताई मग एका मंगळवारी आल्या.

पन्नाशीच्या अलीकडच्या, उभ्या बांध्याच्या. तळहाताला हिरवट काळा डाग, जो छाटणीच्या दिवसांत निघत नाही. हातातल्या पिशवीत सात जाड डायऱ्या. मला वाटलं, सोसायटीचा अहवाल असेल. पहिली उघडली, तर पानाच्या वरच्या बाजूला लिहिलेलं: विहिरीचा प्लॉट, दिवस २२, गंधक, पाण्याचं प्रमाण, वारा पश्चिमेचा. त्याखाली एक रेघ. आणि रेघेखाली:

'पारू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडली. तिचं बरोबर होतं, म्हणून मी जास्त चिडले.'

मी उभ्याने चार पानं वाचली. मग त्यांना बसायला सांगितलं.

द्राक्षबागेत औषधांची रोजची नोंद ठेवावी लागते. घरात लिहायला वेगळी वही घेतली असती तर प्रश्न आले असते. फवारणीच्या डायरीला कोण काय विचारणार? दुपारी मजूर बायका जेवायला बसल्या की शकुताई वेलींच्या मांडवाखाली बसून वरची नोंद पुरी करायच्या आणि रेघेखाली लिहायला लागायच्या. लिहीत होत्या त्या पारूबद्दल. पारू सुरगाण्याकडची. दर मोसमाला आपल्या वाडीतल्या बायकांची टोळी घेऊन यायची, छाटणीपासून काढणीपर्यंत शेडमध्ये राहायची. बारा मोसम आली. तेराव्याला आली नाही. कुणी म्हणालं गुजरातकडे गेली, कुणी म्हणालं पाठीचं दुखणं झालं. शकुताई एसटीने तिच्या वाडीपर्यंत जाऊन आल्या, तर घराला कुलूप. तेव्हापासून त्यांनी लिहायला घेतलं होतं.

"दोन वेळा पुण्याला पाठवलं," त्या म्हणाल्या. "परत आलं. हे पत्र बघा."

प्रकाशकांनी सभ्य शब्दांत कळवलं होतं, की लेखनात जीव आहे, परंतु बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचं प्रमाण कुठे संपतं आणि कादंबरी कुठे सुरू होते ते समजत नाही. गुढीपाडव्यापर्यंत स्वच्छ अक्षरजुळणी केलेला पूर्ण मजकूर फ्लॉपीवर पाठवलात, तर यंदाच्या पुस्तकांत नक्की घेऊ. नंतर मात्र आश्वासन देता येणार नाही.

"अजून किती लिहायचं राहिलंय?" मी विचारलं.

"निम्मं. ह्या मोसमात लिहिते. पारूची पोरगी आश्रमशाळेत हाय ना, शिकतीय. पुस्तक निघालं तर कधीतरी तिच्या हाताला लागंल. आईला वाचून दाखवील." मग जरा थांबून म्हणाल्या, "आई कुठंबी असली तरी."

तो मोसम असा सुरू झाला. दर मंगळवारी दौलतराव, म्हणजे त्यांचे यजमान, पिकअपमधून औषधं आणायला नाशिकला यायचे आणि शकुताईंना माझ्या दारात सोडायचे. "ताई, लेखिका आणल्यात. सांभाळून उतरवून घ्या, माल नाजूक हाय," असं म्हणून निघून जायचे. शकुताई पदराने चेहरा पुसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांना वाटतं मी पाककृती लिहिते."

आधी मी डायरीतलं जसंच्या तसं टाइप करून घेतलं. मग त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघू लागल्या, आणि खरी मजा तेव्हा सुरू झाली. "ते वाक्य काढा." मी काढलं. "आता परत आणा." मी परत आणलं. "अगं बाई," त्या पुटपुटल्या आणि मला माझा पहिला दिवस आठवला. त्यानंतर त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही. डायरीत वाकड्यातिकड्या धावणाऱ्या वाक्यांना त्या पडद्यावर अशा छाटायच्या, की मला आपली एस. एस. सी. मराठीची सगळी पुस्तकं विसरावीशी वाटायची. वेलीची कुठली फूट ठेवायची, कुठली काढायची, हे त्यांच्या नजरेला मुळातच कळत होतं. "हितं दोन डोळे ठेवा," असं एकदा चुकून म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब. मी दोन वाक्यं ठेवली.

हिवाळा सुरू होत होता. दुकानात कॉम्प्युटरच्या पाठीमागून येणाऱ्या कोमट हवेला तापल्या धुळीचा एक वास असायचा, आणि शकुताईंच्या पिशवीला गंधकाचा. दोन्ही वास एकत्र आले की मंगळवार. आजही देवळाली कॅम्पाकडे जाताना कुठल्या शेतावरून गंधकाचा वास आला, तर माझी बोटं आपोआप टाइप करायच्या तयारीत येतात.

आता माझ्या चुकीकडे येते. लपवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करायची आणि फाइलला नाव द्यायचं दिवसाचं, असं मी ठरवलं. दिवस २२, दिवस ३१, दिवस ४०. शकुताई त्यांच्या प्रकरणांना तसंच ओळखायच्या. "चाळिसावा दिवस काढा," म्हणायच्या. मला पद्धत फार आवडली. छोटी, नेमकी, क्रमाने लागणारी. पानाच्या अगदी वर प्लॉटचं नाव असायचं, पण ते मला औषधाच्या नोंदीतलं वाटलं, आपल्या कामाचं नाही असं समजून मी सोडून दिलं. प्रकाशकांनीच सांगितलं होतं ना, बोर्डो नको.

विहिरीचा चाळिसावा दिवस नोव्हेंबरात येतो. टेकाडाचाही चाळिसावा दिवस असतो, अठरा दिवसांनी. शकुताई दोन्हीकडे बसून लिहायच्या, ज्या प्लॉटात काम चालू असेल तिथे. त्यांच्या दृष्टीने कुठेच गोंधळ नव्हता. ज्या मांडवाखाली आपण बसलोय त्याचा दिवस, एवढं सरळ. मांडव सोडून नाशिकला आलेल्या कागदाचं काय, हे विचारायचं काम माझं होतं.

नवी फाइल जुन्या नावाने ठेवायला गेलं की मशीन विचारायचं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? माझी सवय अशी, की दुरुस्ती नव्या प्रतीवर करायची आणि मग जुन्या नावावर टाकायची. त्यामुळे तो प्रश्न मला दर मंगळवारी दहा वेळा यायचा. बोट आपलं आपण 'हो' म्हणायचं. फ्लॉपीवरची प्रत मी न चुकता दर मंगळवारी ताजी करत होते, म्हणजे फ्लॉपीवरही तेच. कागदावर छपाई शेवटी एकदाच करायची, हेही माझ्या यादीत होतं. क्रमांक सात.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी अनुक्रमणिका करायला घेतली. यादीप्रमाणे प्रकरणं एकतीस. मशीनमध्ये फाइली वीस.

मी पुन्हा मोजलं. मग शकुताईंनी मोजलं, बोट पडद्याला लावून. मग आम्ही 'दिवस ४०' उघडली आणि त्यात टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीची गोष्ट होती. पारूची गोष्ट नव्हती.

शिरसाठकाकांना बोलावलं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते आमच्या भागातले कॉम्प्युटर बघायचे, हौस म्हणून. तासभर त्यांनी पडद्याकडे बघत स्क्रूड्रायव्हरने कान खाजवला आणि म्हणाले, "अंजली, विमान पडलं तरी त्याची पेटी सापडते. तू विमानावर विमान उतरवलंस."

अकरा प्रकरणं. डायऱ्यांत कच्चं रूप होतं, पण या स्टुलावर बसून दोन महिने केलेलं सगळं काम गेलं होतं. आणि त्यात नवी पानंच्या पानं अशी होती, जी डायरीत कधी नव्हतीच, शकुताईंनी तोंडाने सांगितलेली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"गेलं म्हणजे कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच जागेवर दुसरं बसलं. तुमचंच."

बाहेर रिक्षावाले शालिमार-शालिमार ओरडत होते. त्यांनी डायऱ्या एकेक करून पिशवीत भरल्या, आणि मला वाटलं, आता त्या उठून जाणार आणि परत येणार नाहीत, आणि तसं केलं तर ते रास्तच असेल.

"ताई, औषध मारलं आणि तासाभरात सर आली तर काय करत्यात, म्हाईत हाय?"

"काय?"

"परत मारत्यात." पिशवीचे बंद त्यांनी घट्ट ओढले. "पण लगेच. उद्या म्हणलं की रोग बसतो. चहा सांगा."

मला पुढचे सव्वा दोन महिने सगळ्यात जास्त आठवतात. काढणी सुरू झाली होती. काढणीच्या दिवसांत द्राक्षवाल्या घरातलं माणूस नाशिकला स्टुलावर येऊन बसू शकत नाही. मग आम्ही फोनवर करायचं ठरवलं. त्यांच्याकडे घरात फोन आला होता, माझ्याकडे दुकानात होता. आता अडचण विजेची. इकडे लोडशेडिंग, तिकडे लोडशेडिंग, आणि दोघांच्या वेळा वेगळ्या. माझ्याकडे लाईट हवी, कारण कॉम्प्युटर. त्यांच्याकडे लाईट नको, कारण लाईट असली की मोटर चालू करायची, पाणी बघायचं, शकुताई घरात सापडणारच नाहीत. मी दोन्हीकडची वेळापत्रकं भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली, बायकांच्या जेवणाची सुट्टी तिसऱ्या रंगाने भरली. तिन्ही जिथे जुळत होतं तो तुकडा निघाला दुपारी पाऊण ते सव्वा. अर्धा तास. आठवड्यातून पाच दिवस.

त्या अर्ध्या तासात अकरा प्रकरणं परत उभी राहिली.

रिसीव्हर कान आणि खांद्यात धरून मी टाइप करायचे. मान आजही त्या बाजूला जरा जास्त वळते. शकुताई कच्ची डायरी समोर ठेवून बोलायच्या, मध्येच डायरी सोडून द्यायच्या. "हितं थांबा द्या, ताई."

"पूर्णविराम?"

"नाय, नाय. नुसता श्वास."

"म्हणजे स्वल्पविराम."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी श्वास सांगते."

मागे ट्रॅक्टरचा आवाज, खोक्यांना खिळे मारल्याचा आवाज, कुणाचं तरी 'वहिनी, कागद संपला' असं ओरडणं. मध्येच तिकडे वेळेआधी लाईट यायची. रिसीव्हर टेबलावर आपटायचा आणि जरा वेळाने दौलतराव यायचे. "ताई, धरा. लेखिका मोटर चालू करायला गेल्यात. तोवर मी सांगू का काही?"

"सांगा की."

"लिहा. सतराव्या प्रकरणात नवरा फार चांगला व्हता."

असं चार-पाच वेळा म्हणाले, शेवटी मी एकदा शकुताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सतराव्यात नवराच नाय." पण दुसऱ्या दिवशी सतराव्यात एक नवरा आला, दोन ओळींपुरता. दिव्याच्या काचा पुसून देणारा. पुस्तकात आहे तो.

एक दिवस त्यांचा आवाज बसला होता. पहाटे थंडी पडली होती, म्हणून बागेत धूर करत फिरल्या होत्या. मी म्हटलं, आज राहू द्या. त्या म्हणाल्या, आज वार कुठला ते मला म्हाईत नाय, पण पाऊण वाजला हाय. आणि त्यांनी घोगऱ्या आवाजात तीन पानं सांगितली. मी आयुष्यभर शिस्तीची कौतुकं ऐकत आले, स्वतःही सांगत आले. शिस्त म्हणजे माझ्या भिंतीवरची रंगीत वेळापत्रकं, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, वेळापत्रक करणं सोपं. पाऊण वाजता तिथे असणं अवघड.

फक्त एक प्रकरण हट्टाला पेटलं. तेच, विहिरीचा चाळिसावा दिवस. बागेला फुलोरा आलेला असतो, बारीक, दिसेल न दिसेल असा, आणि त्याचा अगदी मंद वास असतो. पारू आणि शकुताईंचं सकाळी भांडण झालेलं. दिवसभर दोघी बोलत नाहीत. संध्याकाळी काम सुटताना पारू कात्री पुसते आणि एक वाक्य बोलते. डायरीत ते वाक्य नव्हतं. माझ्या दुकानात बसून शकुताईंना ते अचानक आठवलं होतं, त्यांनी सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं. आणि आता दोघींनाही ते आठवत नव्हतं.

"लय भारी वाक्य व्हतं, ताई."

"होतं." मलाही एवढंच आठवत होतं, की ऐकल्यावर आम्ही दोघी थांबलो होतो.

पाच दुपारी त्यावर गेल्या. वेगवेगळी वाक्यं पारूच्या तोंडी घालून झाली. शेवटी पाडवा आठवड्यावर आला तेव्हा शकुताई म्हणाल्या, "लिहा. पारूनं कात्री पुसली आणि ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला आता आठवत नाही. श्वास नको. संपलं."

दोन फ्लॉप्या केल्या. एक कुरिअरने, एक दौलतरावांच्या पुण्याला जाणाऱ्या पाहुण्याबरोबर. मराठी अक्षरांचा फाँट तिसऱ्या फ्लॉपीवर, कारण त्याशिवाय तिकडच्या मशीनवर नुसते चौकोन दिसले असते. तरीही तिकडून फोन आलाच, की चौकोन दिसताहेत. मी त्यांना पायऱ्या वाचून दाखवल्या. यादी तयारच होती.

पुस्तक निघालं. लोकांनी वाचलं. आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत त्याच प्रकरणाच्या शेवटाचा उल्लेख असायचा, 'आठवत नाही' हे लिहायचं धाडस कसं केलंत म्हणून. शकुताई ती पत्रं मला वाचून दाखवायच्या आणि घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवायच्या. पारूच्या पोरीच्या आश्रमशाळेत दोन प्रती पाठवल्या होत्या. पोच आली, बाकी काही कळलं नाही. आणि ते हरवलेलं वाक्य शोधता शोधता शकुताईंनी पारूच्या इतक्या गोष्टी डायऱ्यांत उतरवल्या, की दुसरं पुस्तक त्यातून झालं. त्यातही ते वाक्य नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात मात्र एक यादी पडून राहिली. मथळा, 'हरवलेली'. अकरा ओळी. दहांवर खूण. एक मोकळी.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. टाइपरायटर गेले, फ्लॉप्या गेल्या. हल्ली युनिकोड आलंय. कुठल्याही मशीनवर मराठी उघडलं तर मराठीच दिसतं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना त्यात विशेष काय ते कळत नाही. पेन ड्राइव्हवर अख्खं दुकान मावतं. मेल केली की तीच तिची प्रत. शकुताईंच्या सुनेने घरात कॉम्प्युटर घेतला आहे आणि सासूबाई दोन बोटांनी त्यावर लिहितात, दुपारी पाऊण वाजता. पहिल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, म्हणून जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात आणायचं काम मी घेतलं आहे.

आणि त्यातच गेल्या आठवड्यात शिरसाठकाका आले. लेकीकडे राहायला चालले आहेत, घर आवरताहेत. हत्यारांची पेटी रिकामी करताना तळाशी एक फ्लॉपी सापडली, तिच्यावर माझं अक्षर. 'तपासणी.'

"तुझा ड्राइव्ह नीट करत होतो तेव्हा तू दिली होतीस. काहीतरी भरून दे म्हटलं होतं."

कधी, तेही फ्लॉपीवरच्या तारखेवरून कळलं. नोव्हेंबरचा मधला मंगळवार. जुना कॉम्प्युटर मी ठेवला आहे, माळ्यावर, यादीत बाविसावा. तो खाली उतरवला, फुलाफुलांचं कव्हर काढलं. काका शेजारी उभे राहिले. ड्राइव्हने घसा साफ केल्यासारखा आवाज केला. एकच फाइल होती. दिवस ४०.

टेकाडाचा चाळिसावा दिवस तेव्हा अजून यायचा होता, म्हणजे ही विहिरीची.

मी शेवटचं पान वाचलं. मग काकांना चहा दिला, आणि पाऊण वाजायची वाट बघितली.

"शकुताई, पारूचं वाक्य सापडलं."

पलीकडे चाललेला की-बोर्डचा आवाज थांबला. मग त्या कुणाला तरी 'तुम्ही व्हा पुढं' म्हणाल्या. "वाचा."

"'पारूनं कात्री पुसली, कमरेला खोचली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, बाई, उद्याला कुठल्या प्लाटात?'"



"एवढंच?" शकुताई म्हणाल्या.

"एवढंच."

"हे तर ती रोज विचारायची." त्यांचा आवाज हसल्यासारखा झाला आणि मग तो हसल्यासारखा राहिला नाही. "रोज, ताई. बारा वर्षं. कात्री पुसली की हेच. त्या दिवशी पण हेच विचारलं तिनं. भांडण झालं तरी उद्याला येणार हाय, एवढं सांगितलं."

मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, कामाचं विचारलं. दुसऱ्या आवृत्तीत घालायचं का?

"नको. लोकांनी वाचलंय ते आठवत नाय असंच वाचलंय. तेबी खरंच व्हतं." मग म्हणाल्या, "मला वेगळ्या कागदावर काढून द्या. अक्षर मोठं ठेवा, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आणि एक प्रत त्या शाळेत पाठवा, पारूच्या पोरीचं नाव घालून. ती नसली तरी मास्तर ठेवतील."

मी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. खणातली यादी काढून अकराव्या ओळीवर खूण केली.

मग नव्या मशीनवर ते पान नव्या अक्षरांत टाइप केलं, एकदा तपासलं, आणि ठेवायला गेले. मशीनने नाव विचारलं. मला ते माहीत होतं, तरी मी पुन्हा फोन लावला.

"शकुताई, हा चाळिसावा दिवस कुठल्या प्लॉटचा?"

"विहिरीचा," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."